मुलीचे मामा कुठं आहेत?

"सात नंबरच्या मुलीचे मामा, सात नंबरच्या मुलीचे मामा, जिथं असाल तिथून लवकर मांडवात या," असं लाउडस्पीकर चौथ्यांदा ओरडला, तेव्हा लधाशेठ मांडवात टॉवेल-टोप्यांचे दोन गठ्ठे उतरवून घेत होता. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अकरा जोडप्यांचं सामुदायिक लग्न होतं. दुष्काळ असा होता की अक्षता म्हणून टाकायला ज्वारी द्यायलासुद्धा लोकांचा हात मागं येत होता, मग वेगळं लग्न करायचं कुणाच्या घरी? त्यात लातूर नवा जिल्हा होऊन तीनच वर्षं झालेली. नव्या जिल्ह्याला नवे पुढारीही लागतात आणि ते भराभर तयार झाले होते. अकरा लग्नांच्या एका पत्रिकेत त्रेचाळीस पुढाऱ्यांची नावं बसवताना मामांची नावं गळाली. दहा मामांनी ते गिळलं. अकरावा, म्हणजे बिलोलीचा मारोती, रुसला आणि आलाच नाही.

सात नंबरची नवरी होती चांगुणा. तिचा बाप व्यंकटी रेणापूरकडचा, पोटामागं उदगीरला येऊन मोंढ्यात हमाली करणारा. तिची आई धुरपताबाई मारोतीची सख्खी बहीण. भाऊ आला नाही म्हणून ती डोळे पुसत होती आणि भटजी घड्याळ बघत होते.

"अहो, कुणीतरी उभं रहा ना मागं. मुहूर्त जायलाय," भटजी म्हणाले.

व्यंकटीनं आजूबाजूला पाहिलं. जवळ रिकाम्या हाताचा असा एकच माणूस होता.

"शेठ, तुम्ही व्हता का उभं?"

"मी?"

"तुमचं नाव काय पत्रिकेत न्हाई. तुम्ही रुसणार न्हाई."

हे मात्र खरं होतं. लधाशेठचं नाव कुठल्याच पत्रिकेत नव्हतं. फाळणीच्या वेळी सिंधमधून शिकारपूर सोडून निघाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आई वाटेत गेली, बहीण गर्दीत सुटली ती सुटलीच. निर्वासितांच्या छावण्या बदलत बदलत तो एकदा आगगाडीनं कुठंतरी भलतीकडेच चालला होता. उदगीर स्टेशनवर पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. लोक विचारपूर्वक गाव निवडतात, लधारामला ते तहानेनं मिळालं. पुढं त्यानं डोक्यावर गाठोडं घेऊन कापड विकलं, मग दुकान टाकलं, भाषा शिकला. लग्न मात्र जमलं नाही, कारण सोयरीक जमवायला मध्ये बोलणारं घरचं माणूस लागतं आणि तेच तर नव्हतं. सदतीस वर्षं झाली तरी त्याच्या रेशनकार्डावर एकच नाव होतं. सणाच्या दिवशी दुकान बंद करून तो करायचं काय, हे गावात कुणी कधी विचारलं नाही. तो झोपायचा.

असा माणूस त्या दिवशी चांगुणाच्या मागं जाऊन उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली. सहाव्या पुढाऱ्यानंही एक कडवं म्हटलं. तेवढ्यात चांगुणानं मान न वळवता हळूच म्हटलं, "मामा, पाय पोळायलेत."

लधाशेठनं आधी मागं वळून पाहिलं, मामा आला की काय म्हणून. मागं कुणीच नव्हतं. मग त्यानं गठ्ठ्यातला एक कोरा टॉवेल ओढला, घडी केली आणि तिच्या पायाखाली सरकवली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं उन्हावर ढकललं.

आपल्याकडे एकदा कुणी मदत केली की तो हक्क होतो. आठ दिवसांत गुरम्मा नावाची म्हातारी दुकानात आली. तिच्या नातीला मामा नव्हता. "चांगुणाच्या मागं उभारलात म्हणं. मग आमी काय पाप केलं?" लधाशेठ उभा राहिला. मग कुणाच्या मामाला दारूचं व्यसन, कुणाचा मामा दुष्काळात पुण्याकडं गेलेला, कुणाच्या मामाशी बांधाचं भांडण. त्या उन्हाळ्यात लधाशेठ तेवीस नवरीमुलींचा मामा झाला. पुढं जावळं आली. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, त्यामुळं त्याच्या चार पायजम्यांवर चार भाच्यांनी यथाशक्ती सह्या केल्या. दिवाळीत भाऊबीजेला दुकानासमोर बायकांची रांग लागली. समोरच्या भुसार दुकानाच्या विरूपाक्षला वाटलं, शेठनं कापडाचे भाव पाडले. लधाशेठ आत पाटावर बसून सकाळपासून ओवाळून घेत होता. तेल संपलं, कपाळावर कुंकवाला जागा राहिली नाही, तरी तो उठला नाही.

ही रांग अमृतरावांनी जीपमधून पाहिली. अमृतराव म्हणजे तालुक्याचे पुढारी. नगरपालिकेच्या निवडणुकीत लधाशेठच्या वॉर्डात दोन भावक्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या आणि कुणालाही तिकीट दिलं तरी दुसरी बिथरणार होती.

"शेठ, उभं रहा," अमृतराव म्हणाले.

"कुणाच्या मागं?" लधाशेठनं टोपी सारखी करत विचारलं.

"मागं न्हाई. निवडणुकीला."

"साहेब, मला हितं कोण हाय? ना भावकी, ना जात."

"तेच पायजे मला."

विरोधात हणमंतराव होते. त्यांनी भर सभेत सवाल केला, "ह्या माणसाचं गाव कोणतं? उद्या उठून निघून गेला तर कुणाला धरायचं?" यावर धुरपताबाई बायकांतून उठली. "माजा सख्खा भाऊ बिलोलीला हाय, त्याचं गाव बी म्हाईत हाय अन् घर बी. आला का लेकीच्या लग्नाला?" सभा तिथंच संपली. लधाशेठ चारशे अकरा मतांनी निवडून आला. गुलालानं माखून तो घरी गेला आणि आरशात स्वतःकडे बघत बराच वेळ उभा राहिला. सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

खरी गडबड इथून पुढं झाली. नगरसेवक झालेल्या माणसाला नवरीच्या मागं उन्हात उभं कसं करायचं? त्याला आता स्टेजवर सोफा आला, हार आला, भाषण आलं. जेवायला त्याचं ताट आतल्या खोलीत एकट्याचं वाढलं जाऊ लागलं. पत्रिकेत नाव वरून चौथं छापून येऊ लागलं. आणि मामा म्हणणारी सगळी तोंडं साहेब म्हणू लागली. भाऊबीजेला बायका आल्या त्या नळाचे अर्ज घेऊन. "मामाच म्हणा," तो एकदोनदा म्हणाला. "अहो, असं कसं साहेब," असं उत्तर आलं. अमृतराव तर म्हणत होते, "पुढच्या खेपेला तुम्हाला विधानसभेत बसवतो. निर्वासित आमदार! मुंबईत लई किंमत हाय त्याला." लधाशेठला मुंबईत आणखी मोठा सोफा दिसला आणि त्याचा जीव घाबरा झाला.

नगरपालिकेत त्याच सुमाराला बोंब उठली की शिपाई, मुकादम सगळे मेंबरांचेच पाहुणे भरलेत. पेपरात आलं. मग सदस्यांच्या नातेवाइकांना नोकरीत घेऊ नये, असा ठराव आणायचं ठरलं. पण सूचक कोण होणार? ज्याच्याकडे बघावं त्याचा मेव्हणा पाणीपुरवठ्यात होता. शेवटी सगळ्यांनी लधाशेठकडे पाहिलं.

"आपल्याला कुठं नातेवाईक," तो म्हणाला आणि त्यानं सही केली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ऐकून इतकं वाईट वाटेल अशी त्याची कल्पना नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात धुरपताबाईच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. तिचं नाव सिंधु. ते नाव घेताना लधाशेठला गावाकडची नदी आठवायची, पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. या खेपेला मारोतीचा रुसवा निघालेला. तो फेटा बांधून नवरीच्या मागं ताठ उभा, आणि लधाशेठ सोफ्यावर. अक्षता पडल्यावर सिंधु पाया पडायला वर आली. तो वाकून ऐकू लागला.

"साहेब, आमच्या ह्यांचं तेवढं नगरपालिकेत बघा की. शिपायाची जागा हाय म्हणं."

"बघतो," लधाशेठ म्हणाला.

त्यानं खरंच बघितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यानं शिफारसपत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. मुलगा दहावी पास आहे, निर्व्यसनी आहे, सायकल येते. एवढ्यानं पत्र पुरं होत होतं. पण हात थांबेना. खाली त्यानं आणखी एक ओळ लिहिली, 'हा माझा भाचजावई आहे.' वाचून बघितली. मग तिच्याखाली रेघ ओढली.

पंधरा दिवसांनी कारकून सिद्धेश्वर स्वतः कागद घेऊन दुकानात आला.

"साहेब, पोराचा पहिला नंबर होता हो. पण तुमचाच ठराव आडवा आला."

कागदावर टाइप केलेलं होतं, 'सदर उमेदवार हा सन्माननीय सदस्य श्री. लधाराम यांचा नातेवाईक असल्याचे खुद्द सदस्यांच्याच लेखी निवेदनावरून सिद्ध होत असल्याने अर्ज नामंजूर.' खाली सही होती आणि गोल शिक्का.

"नातं न्हाई म्हणून लिहून द्या. बदलून देतो," सिद्धेश्वर म्हणाला.

लधाशेठनं कागद चारदा वाचला. पोराची नोकरी गेली याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं, आणि तरी तो कागद हातातून सोडवत नव्हता. इतक्या वर्षांत सरकारनं त्याला निर्वासित म्हटलं होतं, मतदार म्हटलं होतं, सदस्य म्हटलं होतं. कुणाचा तरी नातेवाईक असं शिक्का मारून पहिल्यांदाच लिहून दिलं होतं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

विचार करायला वेळ मिळाला नाही. दुपारी भर उन्हात सिंधु आली. चपला न काढता सरळ गादीवर.

"मामा, तुम्हाला अक्कल हाय का वो?"

लधाशेठ उठून उभा राहिला.

"कुणी सांगितलं व्हतं नातं लिवायला? न्हाई लिवलं असतं तर तुमचं काय अडलं व्हतं? हात आखडला असता का तुमचा? आई म्हणती मामा लई शाना हाय. हे शानपण? आता मी सासरी काय तोंड दाखवू, सांगा मामा."

"बस. उन्हातून आलीस. पाणी पी."

"मला न्हाई प्यायचं पाणी."

पण तिनं तांब्या घेतला, गटागटा प्याली आणि पुन्हा सुरू झाली. आवाज रस्त्यापर्यंत गेला. समोरचा विरूपाक्ष गल्ला सोडून धावत आला आणि दारातूनच म्हणाला, "साहेब, कोण बाई ही? एवढी तोंडाला येईल ते बोलायली. घालवू का भाईर?"

"नको," लधाशेठ म्हणाला. "घरची हाय. बोलू दे तिला."