‘नीलूफर-७’च्या मालकांचं मत

‘नीलूफर-७’ या उच्च दर्जाच्या घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरबद्दल मालकांची मते मागवणारे पत्रक आमच्या कोकंदच्या जर्दाळू-मुरंबा कारखान्यात आले, त्या दिवशी कोकंद शहरात ‘नीलूफर-७’चा एकही मालक नव्हता. ही बाब नोंदवण्यासाठी पत्रकात रकाना नव्हता, म्हणून कोणी ती नोंदवली नाही.

पत्रक कामगार समितीच्या अध्यक्षा क्लारा सत्तारोव्हना यांच्याकडे गेलं. क्लारा सत्तारोव्हना म्हणजे काय चीज होती, हे सोवियत काळात कारखान्यात काम केलेल्यालाच कळेल. फ्रिज असो, गालिचा असो की हिवाळी बूट, कारखान्याच्या वाट्याला काही आलं की ते कोणाच्या घरी जाणार हे त्यांच्या निळ्या वहीतली यादी ठरवायची. व्हिडिओच्या यादीत पहिला नंबर गैरतचा. हा झाकणं बसवायच्या यंत्रावरचा फिटर. सात वर्षं तो यादीत होता. कोकंदात यादी आधी झाली आणि व्हिडिओ म्हणजे काय ते मागाहून कळलं, पण नंबर लावायला कळावं लागतंच कशाला?

एरवी त्याने आणखी सात वर्षं काढली असती. पण मुलगी मोहिरा चोविसाची झाली होती आणि जफर नावाच्या मुलाशी तिचं जमलेलं होतं. अडून बसली होती जफरची आई, सनोबर. शहरातल्या बायकांच्या सगळ्यात मोठ्या केशकर्तनालयाची ती मुख्य, त्यामुळे बायका तिच्यापुढे मान खाली घालूनच बसत.

“गालिचे नकोत, बारा आहेत आमच्याकडे,” तिने सांगून टाकलं होतं. “मुलीच्या सेपमध्ये व्हिडिओ तेवढा असू द्या. नाहीतर राहू दे, घाई कसली? पोरं लहान आहेत अजून.”

सेपचं, म्हणजे मुलीच्या रुखवताचं, सामान लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडे जातं आणि मोहल्ल्यातल्या बायका ते एकेक करून उलगडून बघतात. तेव्हा व्हिडिओ नाही, तर लग्नही नाही. त्या दिवशी मोहिरा जेवली नाही, आणि गैरतही उपाशीच उठला.

क्लारा सत्तारोव्हनांनी त्याला बोलावून घेतलं. आमच्याकडे थोरल्या बाईला ओपा, म्हणजे ताई, आणि थोरल्या पुरुषाला अका, म्हणजे दादा, म्हणतात.

“बस गैरत. ‘नीलूफर-७’ कसा वाटला?”

गैरत बसता बसता थांबला. “आला?”

“आला नाही. मत द्यायचंय.”

“पण ओपा, माझ्याकडे तो नाहीच!”

“म्हणून तर तुझं मत निःपक्षपाती,” क्लारा सत्तारोव्हना शांतपणे म्हणाल्या. “नीट ऐक. आपल्या प्रांतातून अठ्ठेचाळीस मालकांची मतं गेली, की यंत्राला दर्जाचा शिक्का मिळणार. शिक्का मिळाला, की उत्पादन सुरू होणार. उत्पादन झालं, की यंत्र इथे येणार. इथे आलं, की तू मालक होणार. आता तूच सांग, मालकाने मतच दिलं नाही तर तो मालक होईल कसा?”

गैरतने बराच विचार केला. यात कुठेतरी खोट आहे हे त्याला कळत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. पत्रक घेऊन तो घरी आला.

एकतीस प्रश्न होते. चहाची किटली मध्ये ठेवून तो आणि मस्तुरा, त्याची बायको, दोघं बसले. चित्र कसे दिसते? ‘खरबुजातली बी न बी मोजून घ्यावी इतके स्पष्ट.’ आवाज? ‘गायक घरात बसून गातो, इतकेच की जेवायला थांबत नाही.’ यंत्र आल्यापासून कौटुंबिक जीवनात काय बदल झाला? इथे गैरतचं पेन अडलं.

“लिहा, मुलीचं लग्न ठरलं,” मस्तुरा म्हणाली. “तेवढं तरी तोंडून चांगलं निघू दे.”

बाविसावा प्रश्न दोषांचा होता. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, की एकही दोष न आढळल्यास मत अविश्वसनीय समजले जाईल.

“आता नसलेल्या यंत्रात दोष कुठून काढू?”

“तुमच्या बहिणीच्या टेपरेकॉर्डरचं मागे फिरवायचं बटण घट्ट आहे ना? तेच लिहा. कुठलंही बटण घट्टच असतं.”

गैरतने लिहिलं, सही केली आणि त्या रात्री सात वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपला. आठवड्याने वहीत बघतो तर त्याच्या नावावर पट्टी लावून लाल रेघ मारलेली.

“ओपा, हे काय?”

“मालकाचं नाव प्रतीक्षायादीत कसं राहील? नियम आहे.”

“पण मी मालक नाही!”

“ही सही कोणाची?”

“माझी. पण तुम्हीच...”

“मी मत मागितलं. मालक आहेस असं तू लिहिलंस.” क्लारा सत्तारोव्हनांनी चष्मा पुसला. “हवं तर मालक नसल्याचं लिहून दे. मी घेते. मग फाईलमध्ये तुझे दोन कागद शेजारी शेजारी लागतील आणि त्यातला कुठला खोटा हे ठरवायला लोक येतील. लावू?”

“नको. निदान यादीच्या शेवटी तरी टाका.”

“दुसरा व्हिडिओ हवाय तुला? एका घरात दोन? अरे, काळाबाजारवाला म्हणून धरतील!”

पहिला नंबर पुलातकडे गेला. पुलात जर्दाळूच्या बिया काढायच्या विभागात होता, गैरतपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि मनाने सरळ. तो लाजून लाल झाला, आणि संध्याकाळी एक मोठं खरबूज गैरतच्या दारात ठेवून निघून गेला.

महिन्याभराने, घट्ट बटणाच्या तक्रारीवरून, दुरुस्तीवाला आला. मस्तुराने व्हिडिओसाठी कधीचंच एक स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर भरतकामाचं जाड आच्छादन घातलं होतं. आत उशी असल्यामुळे ते फुगलेलं दिसे. दुरुस्तीवाल्याने आच्छादन उचललं, उशी पाहिली आणि परत झाकलं.

“इथे उशी आहे होय,” तो म्हणाला. “परवा मर्गिलानला एकाने पेटी ठेवली होती. तेवढीच शोभा.”

“म्हणजे तिथेही...?” गैरतने विचारलं.

“एकतिसावं घर हे माझं. सगळ्यांचं मागे फिरवायचं बटण घट्ट. एकालाही दुसरा दोष सुचू नये? कमाल आहे.” त्याने चहा घेतला, नान मोडून खाल्ला आणि अहवाल लिहिला: बटणाला तेल दिले, मालक समाधानी. “करा सही.”

गैरतने केली. दुरुस्तीवाला दारापर्यंत गेल्यावर मस्तुराने विचारलं, “आता नीट चालेल ना हो?” आणि आपण काय विचारलं ते ध्यानात येऊन तिने तोंडावर ओढणी घेतली.

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण घरातल्या घरात होतं. मग प्रांताच्या वर्तमानपत्राने गैरतचं मत छापलं, खरबुजाच्या बियांसकट. सनोबरने ते केशकर्तनालयात मोठ्याने वाचून दाखवलं. केसांना रोलर लावून बसलेल्या एकीने सहज विचारलं, “तुम्ही पाहिलात का हो व्याह्यांकडचा व्हिडिओ?” आता व्याह्यांनी आपल्याला अजून बोलावलं नाही, हे सनोबरने सांगावं? तिने?

“पाहिला म्हणजे? दोनदा पाहिला!” ती म्हणाली. “चित्र बाई अगदी आरशासारखं.”

संध्याकाळपर्यंत ते शहरभर झालं. आधी शेजारी चिडले होते, की हा दार लावून एकटाच बघतो. पण सनोबरला बोलावलं आणि आपल्याला नाही, हे कबूल करायचं कोणी? एकेक जण आपणही पाहिल्याचं सांगू लागला. चहाखान्यात तर गैरतकडे कुठला सिनेमा दाखवला यावरून दोन म्हातारे हातघाईवर आले. गैरत शेजारच्या बाजेवर होता. त्याने बराच वेळ कळ काढली आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, “तो नव्हता दाखवला. मारामारीचा होता.” मालकच बोलला म्हटल्यावर वाद संपला.

सनोबरने लग्नाची तारीख धरली, पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरातली. मोहिरा घरात गुणगुणत फिरू लागली. तिचं ते गुणगुणणं ऐकलं की गैरतला खरं बोलायची हिंमत होत नसे. ‘उद्या सांगतो’ म्हणत म्हणत त्याने वर्ष काढलं.

दर्जाचा शिक्का मिळाला. लग्नाला पाच दिवस उरले असताना कारखान्यात ‘नीलूफर-७’ आला. एकच. तो यादीप्रमाणे पुलातला मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी पुलात तो पोटाशी धरून क्लारा सत्तारोव्हनांपुढे उभा राहिला.

“ओपा, हा टेप खातो. तीन खाल्ल्या. चित्र येत नाही, नुसतं पांढरं-काळं वळवळतं. आणि मागे फिरवायचं बटणच नाही याला!”

“बहुसंख्य मालकांची तक्रार होती, की ते बटण घट्ट आहे. काढून टाकलं. याला म्हणतात मताची कदर.”

“मग माझंही मत घ्या.”

“मुदत संपली.”

“अहो, पण यंत्र तर आत्ता आलंय!”

“पुलात, मतं मागवायची ती यंत्र यायच्या आधी. आल्यावर मागवली तर काय काय ऐकावं लागेल, कल्पना आहे का तुला?” त्यांनी वही मिटली. “अनुभवी मालकाला भेट. गैरत सांगेल कसा बघायचा.”

पुलात गैरतकडे आला आणि यंत्र त्याने सरळ स्टुलावरच ठेवलं.

“घ्या अका. नंबर तुमचाच होता. वर्षभर मला तुमच्या डोळ्याला डोळा देता येत नाहीये. मोहिराच्या सेपमध्ये ठेवा.”

गैरतने त्याला मिठी मारली आणि तो लहान मुलासारखा रडला. मस्तुराही रडली, पण डोळे पुसता पुसता तिने विचारलं, “पण चालत नाही ना हा?”

“ओपा, सेपमधलं सामान बघायचं असतं. चालवतंय कोण?” पुलात म्हणाला.

चालवणारी सनोबर होती. लग्नाच्या आदल्या दिवशी सेप उलगडायला चाळीस बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. रजया झाल्या, भांडी झाली, व्हिडिओवरचं आच्छादन निघालं, आणि सनोबर म्हणाली, “लावा.” यंत्र टीव्हीला जोडायला पुरुषांतून गैरत आणि पुलात यांना आत बोलावलं. गैरतने कॅसेट आत सारली. आतून काहीतरी चावल्याचा आवाज आला, आणि पडद्यावर पांढरं-काळं वळवळू लागलं.

बायका सनोबरकडे बघू लागल्या. सनोबरने पडद्याकडे बघितलं, मग गैरतकडे.

“गैरत-अका, तुम्ही वर्षभराचे मालक. सांगा, हे असंच दिसतं?”

दारात मोहिरा उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. वर्षभर जे ‘उद्या सांगतो’ म्हणून ठेवलं होतं, ते आत्ता या एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. गैरतने मुलीकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

“असंच,” तो म्हणाला. “उच्च दर्जाचं आहे. सवय नसेल तर पहिल्यांदा जरा डोळ्यांवर येतं.”

“मला काय सांगता? मी दोनदा पाहिलंय की,” सनोबर ताबडतोब म्हणाली. “हिमवादळ आहे ते. उत्तरेकडचा सिनेमा.”

“हो बाई, हिमवादळच!” सगळ्यांच्या जिवात जीव आला. “मी पण हाच पाहिला यांच्याकडे.” “तो माणूस वाट चुकतो, तोच ना?” “सापडत नाही बिचारा.” चाळीस बायकांनी दीड तास ते हिमवादळ पाहिलं. शेवटी शेवटी दोघींनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी लग्न झालं, पुलावाची मोठी कढई उतरली, आणि नाचता नाचता मोहिराने बापाच्या गळ्यात हात टाकले. त्या एका क्षणासाठी गैरतने अशी शंभर पत्रकं भरली असती, आणि यात मला तरी त्याचं काही चुकलेलं दिसत नाही.

चुकलं ते त्यानंतर. पुलातने त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “अका, आपल्या दोघांतच सांगा. ते चित्र म्हणायचं का हो?”

आणि गैरत भडकला! खोटं नव्हे, खरोखर भडकला. “तू तीन दिवसांचा मालक! तुला काय कळतंय? एकतीस प्रश्नांची उत्तरं दिलीत मी, वर्तमानपत्रात आलंय माझं! यंत्र चांगलंच आहे, बघणाऱ्याला अक्कल पाहिजे!” अंगणातल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. पुलात खाली मान घालून निघून गेला. साऱ्या कोकंदात ‘नीलूफर-७’ खरोखर घरी लावून पाहिलेला माणूस तो एकच, आणि त्याचं मत तेवढं कोणी धरलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय एकेक माणसं! काय ते यंत्र, भंगार नुसतं! आणि त्या क्लाराबाईला तर चौकात उभी करायला हवी. म्हणा, म्हणा. कोकंद तुम्ही पाहिलेलं नाही, गैरतकडे कधी चहा घेतलेला नाही, ‘नीलूफर-७’ला बोट लावलेलं नाही, आणि मत मात्र केव्हाच तयार आहे, तेही ठाम. उत्तम. क्लारा सत्तारोव्हनांना ‘नीलूफर-८’साठी अशाच मालकांची निकड आहे. तुमचं नाव काय लिहू?