एकनाथराव घरी नाहीत

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सर्व्हरने एकनाथरावांना घराबाहेर काढलं. त्या वेळी ते आरामखुर्चीत पाय पसरून नाट्यगीत ऐकत होते.

हा सर्व्हर म्हणजे त्यांच्या मुलाचा, चिन्मयचा जुना कॉम्प्युटर. चिन्मयने त्यात लिनक्स घालून तो हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर बसवला होता. घरादाराचे फोटो, सिनेमे आणि एकनाथरावांची दोनशे नाट्यगीतं त्याच्या पोटात होती. तो दिवसभर घुरघुरायचा. शेवटी सूनबाई नीलिमा वैतागली. "घरात कुणी नसताना हा कुणासाठी घोरतो?"

प्रश्न रास्त होता. चिन्मयने रविवार खर्ची घालून तोड काढली. सर्व्हरने दर दहा मिनिटांनी घरच्यांचे फोन वायफायवर आहेत का ते बघायचं. तीनदा एकही सापडला नाही, तर घरच्या ग्रुपवर निरोप टाकायचा आणि गुमान बंद व्हायचं.

मंगळवारी चिन्मय आणि नीलिमा ऑफिसला गेले. पाठोपाठ एकनाथरावांच्या पत्नी इंदुमतीबाई बहिणीकडे, त्रिवेणीकडे सिकंदराबादला निघाल्या. अर्ध्या तासाने ऐन तानेत गाणं थांबलं. पंखा तर फिरत होता. एकनाथराव चक्रावून बघत असतानाच त्यांचा बटणांचा फोन वाजला.

"कुठे आहात?" इंदुमतीबाईंचा आवाज.

"कुठे म्हणजे? घरी."

"खोटं बोलू नका. सर्व्हरचा निरोप आलाय, 'घरी कुणी नाही, बंद होत आहे.' इराण्याकडे ना?"

या संशयाला इतिहास होता. नुकत्याच झालेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि चौथ्याच दिवशी एकनाथराव नारायणगुड्याच्या इराण्याकडे चहात बिस्किट बुडवताना सापडले होते. पण आज ते धुतल्या तांदळासारखे स्वच्छ होते, आणि म्हणूनच त्यांना जास्त लागलं.

"बेचाळीस वर्षं संसार केला. माझ्यावर विश्वास नाही, त्या डब्यावर आहे?"

"तो डबा बिस्किटं खात नाही," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

त्यांनी लगेच वॉचमन यादगिरीला वर पाठवलं. त्याने बेल वाजवली तेव्हा एकनाथराव संतापाच्या भरात डोक्यावर गार पाणी घेत होते. यादगिरीने खाली जाऊन कळवलं, "बेल मारा अम्मा, कोई नै बोल्या." मग बाईंनी शेजारच्या शशिकांतला इराण्याकडे पिटाळलं. तिथे एकनाथराव मास्तर काही दिसेनात. पण आलोच आहोत म्हणून त्याने चहा मागवला, आणि चहा आहे म्हणून खुसखुशीत लुखमी.

इकडे एकनाथरावांनी ठरवलं, आता आपण घरीच आहोत हे हिला डोळ्यांनी बघू दे. चपला घालून, काळा चष्मा लावून ते फाटकात जाऊन उभे राहिले. तडक परत फिरलेल्या इंदुमतीबाई रिक्षातून उतरल्या त्या नेमक्या त्यांच्यासमोर.

"आत्ता आलात वाटतं?"

"अगं, मी आत्ता खाली आलो!"

"चपला घालून? आता घरातच बसा. उद्यापासून मी बाहेरून कुलूप लावून जाणार."

दुपारभर एकनाथराव जेवले नाहीत. इराण्याकडे पोटभर खाऊन आले असणार, असा त्याचाही अर्थ निघाला. बिचाऱ्यांना रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी चिन्मय आला तेव्हा ते त्याची वाटच बघत होते. "बघ तुझ्या त्या डब्याला विचारून, अकरा वाजता गाणं कुणी लावलं होतं? भुताने?"

चिन्मयने सर्व्हरची नोंद काढली आणि जीभ चावली. "आई, गाणं खरंच चालू होतं गं. मी फोन तीनच लिहिलेत. आपल्या तिघांचे. बाबांचा फोन वायफायवर येतच नाही, म्हणजे सर्व्हरच्या लेखी बाबा..."

"बोल, बोल. नाहीतच."

चिन्मयने नोंद बंद केली. एकनाथराव सावकाश पुढे म्हणाले, "तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली मी. मुलगा समोर बसलाय आणि मी गैरहजर मांडला, असं एकदाही झालं नाही."

इंदुमतीबाईंना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी रात्री मुद्दाम त्यांच्या आवडीचं बगारा बैंगन केलं, आणि "चुकले हो मी," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. चिन्मयने आपला जुना स्मार्टफोन बाबांच्या हातात ठेवला आणि त्याचं नाव यादीत घातलं. "आता हा वायफायवर दिसला, की तुम्ही घरी. सर्व्हर बंद होणारच नाही."

"हा दिसला की मी घरी?" एकनाथरावांनी नीट विचारून घेतलं. जुने मास्तर. नियम पक्का समजल्याशिवाय पुढे जायची सवय नव्हती.

पुढच्या मंगळवारी इंदुमतीबाई पुन्हा सिकंदराबादला गेल्या. कुलूप लावायचा विषयही त्यांनी काढला नाही. दुपारपर्यंत ग्रुपवर एकही निरोप आला नाही, तेव्हा त्या त्रिवेणीला कौतुकाने म्हणाल्या, "बघ, सुधारले हो आमचे हे. सकाळपासून घराबाहेर पाऊल नाही."

त्या वेळी चपलांच्या कपाटावर सर्व्हर आज्ञाधारकपणे घुरघुरत होता. त्याच्या डोक्यावर स्मार्टफोन चार्जिंगला लावून ठेवलेला होता. आणि नारायणगुड्याला इराण्याच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी काळा चष्मा लावून बसलेल्या एकनाथरावांना शशिकांत विचारत होता, "मास्तर, घरी कळलं म्हणजे?"

"कसं कळेल?" एकनाथरावांनी बिस्किट चहात बुडवलं. "दुसऱ्याची हजेरी देणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर छड्या मारल्या. उगाच मारल्या रे."