तीन मीटरपर्यंत अचूक

उरलेलं अंतर : ४४९ किलोमीटर

वाळूत चालणारी गाडी कशी निवडावी आणि वाट दाखवणारं यंत्र कोणतं घ्यावं, या दोन विषयांत कान्ये गावात माझ्याइतका जाणकार माणूस नाही. हे मी स्वतः सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही! एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. अर्ध्या गावाला उत्तर दिशा मी दाखवली आहे. उरलेलं अर्धं गाव त्या दिवशी गैरहजर होतं.

तर, भाच्याचं लग्न. ओलेबिले माझ्या बहिणीचा मुलगा आणि मी थोरला मामा. आमच्यात मुलगी मागायला नवरदेव जात नाही. मामा जातो. बायको-भावांना घेऊन, अंगात कोट घालून, सूर्य उगवायच्या आत मुलीच्या फाटकाशी उभा राहतो आणि म्हणतो, "पाणी प्यायला भोपळ्याचं भांडं मागायला आलोय." एवढंच. मुलीचं नाव घ्यायचं नाही. पण ते वाक्य थोरल्या मामानेच म्हणायचं, आणि सूर्याच्या आधी म्हणायचं.

"मामा," ओलेबिले म्हणाला, "बोनोलोच्या वडलांनी आधीची दोन स्थळं परत पाठवलीत. एकाला उशीर झाला म्हणून. दुसऱ्याच्या मामाने कोट घातला नव्हता म्हणून. तुम्ही वेळेवर पोचाल ना?"

"पोचाल ना?" मी हसलो. "अरे, मी भूगोल आहे!"

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं भारावला.

मी वहीत चौदा कलमांचा तक्ता आखला. जमिनीपासून उंची. चारही चाकांना जोर. जादा चाकं दोन. मग राजधानीशेजारच्या मोगोदित्शानेत जुन्या जपानी गाड्या विकणाऱ्यांची सगळी अंगणं पालथी घातली. प्रत्येक गाडीखाली आडवा झालो. तिसऱ्या दिवशी एका विक्रेत्याने मला नोकर समजून पाना मागितला. शेवटी सापडली! चौदापैकी चौदा कलमं! शिवाय बाजूने छपरापर्यंत गेलेलं लोखंडी नाकाडं, म्हणजे गाडी नदीत बुडाली तरी इंजिनाला श्वास घेता यावा.

"नदी कुठंय?" माझा धाकटा भाऊ लेफोको म्हणाला.

"आली तर?"

"दादा, बोनोलोचं गाव हुकुन्त्सी. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे. रोज बस जाते. बसमधून कोंबड्या जातात."

"कोंबड्यांना मागणी घालायची नसते!"

"घर पोस्टाच्या मागे आहे. निळं फाटक. मी बसवाल्याला विचारलंय."

विचारलंय म्हणे! एकविसाव्या शतकात!

गाडीत आधीपासून एक बाई होती. किल्ली फिरवली की ती अतिशय गोड जपानीत स्वागत करायची आणि पडद्यावर दाखवायची की आपण समुद्रात आहोत. तिला बंद कसं करायचं ते सगळं जपानीत लिहिलेलं. म्हणून मग दुसरं, तळहातात मावणारं यंत्र घेतलं. अकरा दिवस सात यंत्रं तपासली. हे तीन मीटरपर्यंत अचूक! त्यातही एक बाई. ही निदान समजेल असं बोलायची.

"गाडीत दोन बायका," माझी बायको, मा-तेफो, म्हणजे आमच्या तेफोची आई, म्हणाली, "मी मागे बसू की टपावर?"

यंत्राला आकडे लागतात. मी बोनोलोच्या वडलांना, रा-बोनोलोंना, फोन केला. "आपला ठावठिकाणा अक्षांश-रेखांशात पाठवा. दशांशासकट."



"दशांशासकट?"

"हो. अंदाजे नको."

"कागद शोधावा लागेल," ते म्हणाले.

दोन दिवसांनी आकडे आले. दशांशानंतर पाच घरं! मी ओलेबिलेला म्हटलं, "सासरा तुझा मोठा शिस्तीचा दिसतो." आणि तिथेच, त्या पाच घरांत, माझं वाटोळं झालेलं होतं. पण त्याआधी चाकांतल्या हवेच्या दाबाविषयी थोडं सांगतो, कारण वाचकांपैकी कोणी वाळूत जाणार असेल तर पुढच्या चाकात नेमका किती

*मार्ग पुन्हा मोजत आहे.*

बरं, राहू दे.

उरलेलं अंतर : ७० किलोमीटर

शुक्रवारी निघालो. लेफोको आणि त्याची बायको बसने गेले. "तुझ्या गाडीत श्वास घ्यायला नाकाडं आहे, पण पाय ठेवायला जागा नाही," म्हणाला. खरं होतं. मागे दोन जादा चाकं, फावडं, दोरखंड, पाण्याचे डबे आणि माझा तक्ता होता.

कांग गाव मागे टाकेपर्यंत सगळा डांबरी रस्ता. मला लाज वाटत होती! असली गाडी, आणि तिच्या शेजारून तीन गाढवं आरामात चाललीत.

तेवढ्यात बाई म्हणाली, *"आठशे मीटरवर डावीकडे वळा."*

डावीकडे काय होतं? झुडपं होती, वाळू होती आणि झुडपांतून गेलेल्या दोन बारीक चाकोऱ्या होत्या.

"फलकावर हुकुन्त्सी सरळ लिहिलंय," मा-तेफो म्हणाली.

"फलक माणसांनी लावलेत."

"मग?"

"ही उपग्रहाशी बोलते!"

"मी तुमच्याशी बोलतेय, रा-तेफो. तुम्ही कोणाशी बोलताय?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला शंका आली होती. पण एवढी गाडी घेतली आणि तिने वाळूला चाकही लावलं नाही, असं कसं चालेल? मी छोटी दांडी खाली ओढली, चारही चाकांना जोर दिला, जपानी बाई आनंदाने काहीतरी म्हणाली, आणि मी डावीकडे वळलो.

आणि गाडी चालली हो! कसली चालली! टेकाडावर चढली, टेकाडावरून उतरली. मा-तेफोचं डोकं छपराला सतरा वेळा लागलं. सतरा तिने मोजले. दोनदा रुतलो. दोन्ही वेळा मी कोट न काढता फावडं मारलं, कारण कोट काढायचा नाही असा मी निश्चय केला होता. चाकांतली हवा मा-तेफोने खांद्यावरच्या मानाच्या शालीची पिन काढून सोडली. ती शाल तिने लग्नातच मिरवायला ठेवलेली. तिच्यावर आता बाभळीने नक्षी केली होती.

उरलेलं अंतर : ६ किलोमीटर

अंधार पडला. अंधारात वाळूत गाडी हाकायची नाही, हे कलम नऊ. मी गाडी थांबवली.

"सहा किलोमीटर राहिले," मी म्हटलं. "पहाटे निघू आणि सूर्याच्या अर्धा तास आधी फाटकाशी!"

मा-तेफो बराच वेळ काचेतून बघत होती.

"एवढं मोठं गाव. पोस्ट आहे, दवाखाना आहे. एक दिवा दिसत नाही."

"सज्जन लोक आहेत. लवकर झोपतात."

ती काही बोलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती अशी तीनदा गप्प बसलीय. पहिल्या दोन वेळी मी शेळीपालन केलं होतं.

उरलेलं अंतर : ०

*"आपण आपल्या ठिकाणी पोचला आहात."*

पूर्व नुसती तांबूस झाली होती. पोचलो! सूर्याच्या आधी! मी कोटातली वाळू झटकली, टाय नीट केला. मा-तेफोने शालीतले काटे काढायचा नाद सोडला. समोर फाटक होतं. काट्याच्या फांद्यांचं. मला वाटलं, साधेपणाने राहणारी माणसं.

"को को!" मी रीतीप्रमाणे हाक दिली. "पाणी प्यायला भोपळ्याचं भांडं मागायला आलोय!"

आतून एक बैल हंबरला.

"हा मुलीचा काका का?" मा-तेफो म्हणाली.

मग गायींमधून एक म्हातारा आला. फाटकी टोपी, हातात चहाचा डबा. माझा टाय बघून त्याने टोपी काढली.

"सरकारातून आलात?"

"मुलीकडे आलोय! रा-बोनोलो कुठं आहेत?"

"गावात. आज त्यांच्या मुलीला मागायला पाहुणे येणार आहेत," म्हातारा म्हणाला. "मोठे लोक आहेत म्हणे. भूगोलवाले."

मी यंत्राकडे पाहिलं. यंत्राने माझ्याकडे पाहिलं. तीन मीटरसुद्धा चूक नव्हती! ठरल्या जागी, नेमक्या त्या जागी, विंधण विहिरीच्या लोखंडी नळीला टेकून मी उभा होतो. नळीवर पत्रा होता. पत्र्यावर आकडे होते. दशांशानंतर पाच घरं.

"हा... हा गुरांचा तळ आहे?"

"रा-बोनोलोंचा. सेदुमेदी म्हणतात मला. चहा?"

फोनला पाण्याच्या टाकीच्या शिडीच्या चौथ्या पायरीवर आवाज येतो, असं सेदुमेदीने सांगितलं. मी कोट-टायसकट शिडी चढलो. सूर्याची कड दिसायला लागली होती. एकतीस वर्षं मुलांना सूर्य उगवत नाही, पृथ्वी फिरते असं शिकवलं. त्या सकाळी ती जरा जास्तच फिरत होती.

"कुठे आहात तुम्ही?" रा-बोनोलो.

"तुमच्याकडे!"

"मी फाटकाशी उभा आहे. इथे तुमचा भाऊ आहे. मामा नाही."

"तुम्ही दिलेल्या आकड्यांवर आहे! विहिरीपाशी!"

"मग? आकडे विहिरीच्याच कागदावर होते," ते शांतपणे म्हणाले. "घराला आकडे कुठे असतात? तुम्ही दशांश मागितले. घरात दशांश असलेला तेवढा एकच कागद."

"पण माणूस राहतो कुठे ते..."

"माणसाची गुरं जिथे तिथे माणूस. तुम्हाला वाटलं मी पोस्टात राहतो?"

मी वाद घालू शकलो असतो. पण खरं सांगू? माझ्या बापाला कोणी विचारलं असतं तर त्यानेही गुरांचीच जागा सांगितली असती. मलाच हे कळायला हवं होतं. मी यंत्र निवडायला अकरा दिवस घालवले आणि विचारायला अर्धं मिनिट.

"मी इथूनच म्हणतो!" मी ओरडलो. "टाकीवरून! पाणी प्यायला भोपळ्याचं..."

फोनवर एका बाईचा आवाज आला. मुलीची आत्या असणार. "पाण्याच्या टाकीवर बसून पाणी मागतोय? नळ खाली आहे म्हणावं!"

फोन बंद झाला. सूर्य वर आला. पूर्ण, गोल, लाल. फाटक बंद झालं असणार.

मग एक संदेश आला. ओलेबिलेचा. *मामा, झालं ना?*

मी चौथ्या पायरीवरच बसून राहिलो. खाली मा-तेफो सेदुमेदीबरोबर चहा पीत होती.

उरलेलं अंतर : १३० किलोमीटर

साधी गाडी घेतली असती तर आम्ही पहिल्याच टेकाडात रुतलो असतो. परत फिरलो असतो. डांबरी रस्त्याने पोचलो असतो. इतकं पूर्ण चुकायला इतकी चांगली गाडीच लागते! पूर्ण वाटभर मी हेच म्हणत होतो. मा-तेफो ओठ मिटून बसली होती. चौथ्यांदा.

भर दुपारी निळं फाटक दिसलं. पोस्टाच्या मागे. फाटकाबाहेर लेफोको आणि त्याची बायको उन्हात उभे. सकाळपासून. त्याने कोट काढला नव्हता. घामाने त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

मला वाटलं शिव्या देईल. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुझ्याशिवाय तोंड उघडता येत नाही रे. थोरला तू आहेस."

हे शिव्यांपेक्षा वाईट होतं.

फाटक उघडलं. रा-बोनोलो बाहेर आले. उंच, हडकुळे. माझ्याकडे बघितलं नाही. गाडीभोवती हळूहळू फिरले. नाकाडं पाहिलं. खाली वाकले. मग चक्क तिच्याखाली आडवे झाले!

"टेकाडांवरून गेलात?" गाडीखालून आवाज आला.

"हो."

"जाताना-येताना, दोन्ही वेळा?"

"हो."

"माझ्या तीन गाड्या त्या वाटेवर मेल्या," ते बाहेर येत म्हणाले. "दोन वर्षं शोधतोय, कोणती घ्यावी कळत नव्हतं."

माझ्यातला शिक्षक जागा झाला! मी तक्ता काढला. चौदा कलमं समजावली. उंची, जोर, हवा. मुलीकडचा माणूस एवढ्या लक्षपूर्वक ऐकतोय, म्हणजे गाडी रुळावर आली! मा-तेफो मागून माझा कोट ओढत होती. लेफोको डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होता. मी तेराव्या कलमावर होतो.

"उद्या या," रा-बोनोलो म्हणाले. "सूर्याच्या आत."

उरलेलं अंतर : ३०० मीटर, पायी

दुसऱ्या दिवशी गावातल्या भाड्याच्या खोलीपासून आम्ही चालत गेलो. लेफोको पुढे, मी त्याच्या मागे. खिशात यंत्र सुरूच राहिलं होतं. *"शक्य होताच उलट वळा,"* ते म्हणालं... म्हणाली. मी खिशावर हात दाबला. निळ्या फाटकाशी, अंधुक उजेडात, सूर्याच्या वीस मिनिटं आधी, मी भांडं मागितलं.

भांडं मिळालं! पोरगं सुखी होईल. मुलीची आत्यासुद्धा हसली. कशाला हसली ते मी विचारलं नाही.

मग मुलीसाठी काय आणायचं ते ठरलं. आठ गुरं, रीतीप्रमाणे. आणि मामाने स्वतःतर्फे काहीतरी भर घालायची, तीही रीत. सहसा एक बैल घालतात.

"मामाकडून बैल नको," रा-बोनोलो म्हणाले.

किती थोर मनाचा व्याही, म्हणून मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. फाटकाबाहेर होती. नाकाड्यावर.

"तक्तासुद्धा ठेवून जा," ते म्हणाले.

उरलेलं अंतर : माहीत नाही

आम्ही बसने परतलो. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी. यंत्र मात्र रा-बोनोलोंना नको होतं. "विहीर कुठंय ते मला माहीत आहे," म्हणाले.

बस निघाली आणि खिशातून बाई सुरू झाली. *"मार्ग पुन्हा मोजत आहे. शक्य होताच उलट वळा. शक्य होताच उलट वळा."* कान्येपर्यंत. अख्खी बस मागे वळून बघत होती. मी बंद करायला हात घातला, तर मा-तेफोने माझं मनगट धरलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

"असू दे, बोलू दे तिला," म्हणाली. "एवढं ऐकलंत ना तिचं? आता घरापर्यंत ऐका."