कलबुर्गी ते बेळगावी : पन्नास मिनिटं

माणूस वळणावळणानं जगत असला, तरी दोन गावांमधलं अंतर सरळ रेषेतच मोजायचं, असा शास्त्राचा दंडक आहे. सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले गुरुलिंगप्पा कोरळ्ळी शास्त्राच्या बाहेरचे नव्हते. बेळगावीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या, शरणम्माच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी फोनवर एक पान उघडलं. कलबुर्गी विमानतळ ते बेळगावी विमानतळ : सुमारे तीनशे किलोमीटर. उड्डाणाचा वेळ : पन्नास मिनिटं.

"अहो, बसनं चला," त्यांची बायको महानंदा म्हणाली. "आदल्या दिवशी सकाळी निघालो की संध्याकाळी पोचतो. मुलीला हात धरून मांडवात मामानंच आणायचं असतं, विसरलात का?"

"साडेनऊ तास कुठं आणि पन्नास मिनिटं कुठं!" असं म्हणून ही आकडेवारी त्यांनी सोळा नातेवाइकांना कळवली. (त्यांतल्या चौदांनी विचारलेलं नव्हतं.) मग ते तिकीट काढायला गेले.

"काका, ह्या दोन गावांमध्ये विमानच नाही," तिकीटवाला म्हणाला.

"पण पन्नास मिनिटं लागतात!"

"लागतील ना. उडलं तर."

आता माघार घेणं म्हणजे सोळा फोन. म्हणून त्यांनी बेंगळुरूवरून जायचं तिकीट काढलं. तीनशे किलोमीटर जाण्यासाठी साडेनऊशे किलोमीटर! मुहूर्त साडेबाराचा, विमान अकरा वीसला पोचणार. कागदावर सत्तर मिनिटं शिल्लक होती. (आयुष्यभर त्यांचं सगळं कागदावर शिल्लकच असे.) महानंदा आदल्या दिवशीच बसनं गेली.

लग्नाच्या सकाळी धुकं पडलं. पहिलं विमान दोन तास उशिरा उडालं, दुसरं चुकलं, तिसऱ्यात जागा मिळाली. साडेबाराला गुरुलिंगप्पा बेंगळुरूच्या विमानतळावर, मांडीवर भाचीला द्यायची साडी घेऊन बसले होते. शेजारच्यानं विचारलं, "कुठं निघालात?" त्यांनी घड्याळाकडे बघत साडीची घडी नीट केली.

साडेचारला ते मांडवात शिरले. खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. भाचीला महानंदानं हात धरून आणलं होतं, आणि ती आता सासरी जायच्या गाडीत बसत होती. त्यांनी खिडकीतून साडी दिली. "मामा, जेवलात का?" एवढंच ती म्हणाली.

आता शरणम्मा कडाडणार म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. ती पानावर पुरणाची होळीगे वाढत म्हणाली, "बस अण्णा. नऊ वर्षांनी आलास. त्यात आणखी चार तासांचं काय घेऊन बसायचं?"

ती टोमणा मारत नव्हती, हे त्यांना दुसऱ्या घासाला कळलं.

परतीला ते बसनं, महानंदाशेजारी बसून आले. घरी पोचल्यावर खात्याच्या सवयीनं त्यांनी तक्ता केला : हवेत, दोन तास वीस मिनिटं. खुर्चीत आणि रांगेत, आठ तास चाळीस मिनिटं. निघण्याचा विचार करण्यात, नऊ वर्षं. तिसऱ्या ओळीचं कारण "अंतर" असं लिहून त्यांनी ते स्वतःच खोडलं.

तुम्ही हसलात, हे योग्यच झालं. तुमच्या बहिणीच्या गावाला किती वेळ लागतो, हे तुम्हाला न बघता सांगता येईल. तिच्या स्वयंपाकघराचा रंग सांगा.