चिलखताचं माप

माझ्या बायकोच्या दहाव्याला लोक दोन शब्द बोलून गेले. शेजारचा दगडूनाना गळ्यात टेप अडकवून आला आणि म्हणाला, "आबा, हात वर कर. चिलखत शिवनं शे."

मी हात वर केले. नाही म्हणायला अंगात जीव नव्हता.

नाना मूळचा पारोळ्याचा. इथं पिंप्राळ्यात ब्लाऊज शिवण्यात त्याचा जन्म गेला. आता नजर कमी झाली, म्हणून मोठ्या टाक्याचीच कामं घेतो. घरात काही फेकू देत नाही. रावेरच्या ट्रकवाल्यांकडून केळीच्या पेटीतला फोम आणतो, भंगारातल्या स्कूटरच्या सीटचं रेक्झिन आणतो. त्याची बायको वत्सलाअक्का ओरडते. हा म्हणतो, "बठ्ठं कामनं शे." सगळंच कामाचं.

चिलखत धुळ्याच्या एका नाटकासाठी आहे आणि घालणारा "अंगानं तुझ्यासारखाच", एवढंच त्यानं सांगितलं. भाड्याचं त्याला चालत नाही. म्हणे, त्यात आधीच्या सरदाराचा घाम असतो.

रोज दुपारी जेवणाच्या आधी हाक यायची. माझ्या अंगाला जुने पेपर टाचण्यांनी लावायचा. मग मला खाली बसवायचा, वाकवायचा, तलवार म्हणून हातात लाटणं द्यायचा. काखेत पेपर टर्रकन फाटला की खूश व्हायचा. "इथं ढिल सोडनी शे. सरदार नुसता उभा राहून काय कामना?"

मग म्हणायचा, "रिकामा पोटनं माप खोटं. जेव आधी."

अक्का ताट वाढायची. कळण्याची भाकरी, भरीत, वरण. ही गेल्यापासून घरी मी गॅस पेटवला नव्हता. चहा-बिस्किटावर दिवस काढायचो. लेक फोनवर रडायची, तरी जेवण जात नव्हतं. इथं मापासाठी जेवावं लागायचं. दुसऱ्या भाकरीला नको म्हटलं की नाना म्हणायचा, "सरदारले दोन लागतस."

फोम मशीनखाली जाईना. सुया मोडल्या. मग गोणी शिवायच्या दाभणानं हातानंच शिवत बसला. फोमचे खवले कापायचे, चंदेरी रंगवायचे, जुन्या चादरीच्या पट्टीवर ओळीनं टाचायचे. कापायला मला बसवलं. पट्ट्या आखूड दिसत होत्या. विचारलं, तर म्हणाला, "अजून जोडनं शे."

रविवारी धुळ्याहून त्याची नात आली. तिसरीतली, काडीसारखी पोर. नानानं पोत्यातून तयार चिलखत काढलं आणि तिच्या डोक्यातून घातलं. नीट बसलं. तिनं हात उगारला, उडी मारली, एक टाका उसवला नाही. शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकात सरदार तीच होती.

मी म्हटलं, "आणि माझ्या पोटाचं माप रे? त्याचं काय केलंस?"

नाना दाभणात दोरा ओवू लागला. दोरा जाईना.

अक्का म्हणाली, "पोरीचं माप तर पहिल्याच दिवशी फोनवर घेतलं होतं, भाऊ."

"तू गप ऱ्हाय," नाना तिला म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "उद्या ये. पाठनं माप ऱ्हायनं."

"येतो," मी म्हटलं. "पण अक्का, वरणात मीठ कमी टाकत जा. आमच्याकडं ही कमी टाकायची."