मैनेची पोपटी

माणसानं निवृत्त जरूर व्हावं, पण घरात राहू नये, असं माझं मत आहे. बायकोचंही हेच मत आहे. आमच्या संसारात एकमत झालेली ही एकच गोष्ट.

कंपनीच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं मी लोकांच्या शिफ्टा लिहिल्या. मग एक दिवस हार घातला, नारळ दिला आणि माझीच शिफ्ट संपली. अष्टमी गावातल्या आमच्या घरात ओटीपासून मोरीपर्यंत अकरा पावलं होतात. (मोजली आहेत. दुसरं काम काय होतं?) चहा झाला की अकरा जायची, अकरा यायची. आठवड्यानं चंद्रावती म्हणाली, "अहो, फरशी झिजेल! कुठंतरी जा बघू." आणि तिनंच खटपट करून मला पुलापलीकडे, रोह्यातल्या एका ट्रस्टच्या छोट्या प्राणीबागेत रजिस्टर लिहायला चिकटवलं.

बाग कसली, चार ससे, दोन कासवं, एक साळिंदर आणि एक मुंगूस. मुंगसाचं नाव मैना. (कुणी ठेवलं, का ठेवलं, विचारू नका. मीही विचारलं नाही.) पिल्लू असताना सापळ्यात सापडून तिचा एक पाय अधू झालेला, त्यामुळे रानात सोडता येत नव्हती. वाडीवरचा वाळू नावाचा गडी बागेतली सगळी जनावरं सांभाळायचा. मैनेला त्यानंच कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलेली. पहिल्याच दिवशी मी बघितलं, मैना या जाळीपासून त्या जाळीपर्यंत जायची, वळायची आणि परत यायची. दिवसभर तेच. तिची पावलं मात्र मी मोजली नाहीत. हिंमत झाली नाही.

ती नीट खाईना, तेव्हा पनवेलहून जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. तपासून म्हणाल्या, "आजार काही नाही. कंटाळलीय. ताटात आयतं मिळतंय ना? खाणं लपवून ठेवा, तिला हुडकू दे, खेळू दे. आणि जागा रोज बदला हं! हुशार जनावर दोन दिवसांत जागा पाठ करतं. महिनाभर बघू. नाहीच सुधारली, तर मोठ्या केंद्रात हलवावी लागेल."

त्या गेल्यावर वाळू जाळीपाशी जाऊन बसला. मग म्हणाला, "सायेब, हिला भूक नाय असं नाय. हिला काम नाय."

मी रजिस्टर उघडलं आणि कालचीच तारीख पुन्हा लिहिली.

घरी येऊन ओटी ते मोरी येरझाऱ्या घालत मी चंद्रावतीला सगळं इत्थंभूत सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "जागा रोज बदलायची म्हणे?" एवढंच तिनं विचारलं.

आम्ही कामाला लागलो. खोक्यात अंडं लपवलं, बांबूच्या नळीत कोळंबी कोंबली, पालापाचोळ्यात नाकतोडे सोडले, पण एवढ्याशा पिंजऱ्यात रोज नवी जागा आणणार कुठून? मैना पहिल्या दिवशी नाचायची, दुसऱ्या दिवशी थेट जागेवर जायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा येरझाऱ्या सुरू.

आणि याच महिन्यात माझ्या डोक्याचं काहीतरी बिनसलं. माझा चष्मा रोज हरवायला लागला. टीव्हीवर बघ, देव्हाऱ्यात बघ, पलंगाखाली सरपट, अर्धा तास घर पालथं घातलं की चंद्रावती स्वयंपाकघरातून तो आणून हातात द्यायची, "हा काय, इथंच तर होता." वरवर मी हसायचो, पण आतून टरकलो होतो. माझे वडील शेवटी शेवटी माझंच नाव विसरले होते. त्यांचंही असंच वस्तू हरवण्यापासून सुरू झालं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चार वाजता डॉक्टरबाई निकाल द्यायला येणार होत्या. आणि त्याच दिवशी आमचे मेहुणे, चंद्रावतीचे थोरले बंधू हैबतराव, जिते गावाहून पोपटी खायला येणार होते. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, भांबुर्डा या रानझुडपाच्या पाल्यानं तोंड बंद करायचं आणि मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ करायचा. आमचा रायगडचा माणूस यासाठी थंडीची वाट बघतो. हैबतराव दिवाळीपासून बघत होते.

ती तयारी बघून माझ्या डोक्यात वीज चमकली. मडकं! मैनेलाही मडकंच द्यायचं!

मी दुसरं मडकं घेतलं. कोळंबीची डोकी, नाकतोडे, शेणकिडे, एक अंडं, वर भांबुर्डा गच्च. आणि टाइम ऑफिसची शिस्त म्हणून दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या: 'मैना' आणि 'पाहुणे'.

साडेतीनला निघायच्या वेळी चष्मा गायब! चंद्रावती आणि हैबतराव पेंढा घेऊन मागच्या शेतात गेलेले. घर पालथं घातलं. नाही म्हणजे नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवर मला नुसत्या मुंग्या दिसत होत्या. शेवटी मी डोकं चालवलं. (तिथंच चुकतं.) मैना महिनाभराची अर्धपोटी, म्हणजे तिच्यात मी जास्तच भरलं असणार. जड मडकं उचललं आणि पूल गाठला.

मैनेनं आधी लांबूनच हुंगलं. मग मडक्याला पंजा मारला, पाला ओढून उधळला आणि कमरेपर्यंत आत शिरली. शेंगा मागं भिरकावायला लागली. बटाटा पायांनी लोटत पिंजराभर पळाली. एक अंडं पुढच्या पायांत धरून, पाठमोरी होऊन, मागच्या पायांमधून दगडावर असं फेकलं की फटाक! पुन्हा आत. पुन्हा फटाक! डॉक्टरबाई लहान पोरीसारख्या हसत होत्या. "राहू दे हिला इथंच!" त्या म्हणाल्या. वाळूनं तोंड फिरवून डोळे पुसले. माझेही भरून आले.

तेवढ्यात तो म्हणाला, "सायेब, पन मुंगसाला वालाच्या शेंगा कशाला वो?"

शेंगा! म्हणजे मी पाहुण्यांचं मडकं आणलं होतं! रिक्षा केली आणि घर गाठलं.

घरात उरलेलं मडकं चिठ्ठीकडे न बघताच शेतात भाजून केव्हाच उतरवलं होतं. हैबतराव केळीच्या पानावर काहीतरी धरून उजेडाकडे बघत होते.

"दाजी," ते म्हणाले, "औंदा शेंगा लई बारीक हायत. आणि हिला पाय हायत."

मी सगळं कबूल केलं. चष्म्याचंही. आणि बोलता बोलता मनातलं बोलून गेलो. "चंद्रावती, मला आता काही आठवत नाही गं. माझं वडिलांसारखं होतंय."

चंद्रावतीचा चेहरा पडला. ती उठून घरात गेली आणि चष्मा घेऊन आली.

"तुम्हाला काही झालेलं नाही," ती हळूच म्हणाली. "मीच लपवत होते. महिनाभर. येरझाऱ्या थांबल्या की नाही तुमच्या? एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं हो."

मला राग यायला हवा होता. पण इतकं हलकं वाटलं, की भाजलेलं कोळंबीचं डोकं मी सरळ तोंडात टाकलं. मग जरा ऐटीत विचारलं, "रोज नवी जागा शोधताना तुझीही दमछाक झाली असेल, नाही?"

"छे हो," चंद्रावती म्हणाली. "जागा बदलायची गरजच पडली नाही. पहिल्या दिवसापासून तांदळाच्या डब्यातच ठेवतेय."