माहीत आहे, पण सांगणार नाही

पनवेलच्या बाजारात लिमये वकील ज्याला पाहून तोंड फिरवत, तो त्यांचा पक्षकार. इन्कमटॅक्सचं काम गुप्त राहावं म्हणून ते पक्षकाराला रस्त्यात ओळख दाखवत नसत. बाकी साऱ्यांना वाकून नमस्कार. त्यामुळे कोणाची केस चालू आहे, ते गावाला बरोबर कळे.

माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदा पाठ केली, तेव्हा माझा गाडीवान नामा म्हणाला, "शेट, तुमचीपन केस हाय वाटतं!"

मी मिठाच्या गोणी पाठीवर वाहून व्यापारी झालेला माणूस. मला राग लवकर येतो आणि जाता जात नाही. लिमयांवरचा तर मी बारा वर्षं जपला.

उरणकडचं एक मिठागर घेण्याचा माझा सौदा गुपचूप चालला होता. वकिलांखेरीज कोणाला ठाऊक नव्हता. इन्कमटॅक्सच्या कचेरीत साहेबाने माझ्या वह्या पाहिल्या, चोख होत्या. मग त्याने सहज विचारलं, "शेठजींच्या मनात पुढे काय आहे?"

लिमये म्हणाले, "माहीत आहे, पण सांगणार नाही. वह्या कायद्याने तुम्हाला दाखवल्या. पक्षकार माझ्याशी बोलला, ते त्याचं."

साहेबाने कान टवकारले. साऱ्या वह्या पुन्हा पहिल्या पानापासून! चार महिने हेलपाटे. निघालं काहीच नाही, पण तोवर मिठागर दुसऱ्याने घेतलं.

"अहो, माहीत नाही म्हणायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

"ते खोटं झालं असतं."

वकील मात्र मी बदलला नाही. असा घट्ट माणूस पुन्हा कुठे मिळणार?

माझ्या मुलीच्या, सुमनच्या लग्नाचं आमंत्रण मी त्यांना स्वतः दिलं. आले नाहीत. तोही राग धरला.

सत्तरी आली तशी त्यांनी वकिली सोडली. माझ्या कागदांचा गठ्ठा दुकानात आणून ठेवला, पोच घेतली आणि गेले. दुसऱ्या दिवशी भर बाजारात समोर आले आणि चक्क वाकून नमस्कार!

"सुमन कशी आहे? दमा कमी झाला का?"

"लग्नाला आला नाहीत, तुम्हाला काय माहीत तिचं?"

"माहीत आहे," ते म्हणाले. पुढचं मला पाठ होतं. पण ते सांगू लागले.

"मांडवासमोरच्या शिंप्याच्या ओटीवर बसलो होतो. हिरवा शालू होता. बोहल्यावर चढताना अडखळली, तुम्ही हात दिलात. मग तुम्ही डोळे पुसलेत, तेव्हा मी तोंड फिरवलं."